प्रसंग पाहोन

सोलकर सरांच्या गाडीतून मी बरीच वर्षं शाळेत गेले. आम्ही दोघंही अल खौदला राहायचो आणि शाळा मस्कतच्या दुसऱ्या टोकाला. मला गाडी येत नव्हती, माझ्या नवऱ्याची नोकरी लांब सोहार शहरात, त्यामुळे सरांनीच पहिल्या वर्षी सुचवलं की शिवांगीबाई, तुम्ही माझ्याबरोबर येत जा. ते इतिहास शिकवायचे, मी गणित. हायवेला लागलो की सर बोलायला लागायचे आणि शाळेच्या फाटकाशी वाक्य अर्धं टाकून उतरायचे.

हुसैनमियाँ सोलकर, मूळ दाभोळचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले. घरी कोकणी, माझ्याशी छापल्यासारखं मराठी, वर्गात इंग्रजी आणि सरकारी कचेरीत गेले की अस्खलित अरबी. अरबी ते लहानपणी गावच्या मदरशात शिकले आणि मोडी एका पेन्शनर कारकुनाकडून. पुढे मुंबईत राहून त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता बखरकारांचा विवेक.

"विवेक म्हणजे काय सर? रामदासी?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही हो. व्यवहारातला," ते म्हणाले. "असं बघा, बखर लिहिणारा कोण असतो? चाकर. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याच घराण्याची हकीकत त्याला लिहायची असते. आणि लिहायची कशासाठी? तर धाकट्या धन्याने वाचावी, वाचून शहाणं व्हावं, पुढे पाऊल जपून टाकावं यासाठी. म्हणजे थोरला कुठे चुकला ते सांगायलाच हवं. पण धनी मैदानातून पळाला असं कसं लिहिणार? मग तो लिहितो, 'प्रसंग पाहोन माघारे आले.' वाचणाऱ्याला काय ते पोचतं. धन्याचा मान राहतो आणि लिहिणाऱ्याची मान राहते."

हे सांगून ते स्वतःच हसले. असे विनोद ते क्वचित करायचे.

'प्रसंग पाहोन' हे शब्द मी नंतर त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले, बहुतेक वेळा स्वतःविषयी. कोकणातल्या एका कॉलेजात ते तासांवर शिकवत होते. कायम जागेच्या मुलाखतीत एका सभासदाने त्यांना विचारलं, "तुम्ही मोडीकडे कसे काय वळलात?" त्या 'तुम्ही'वर जो जोर होता तो सरांना कळला. त्यांचे पणजोबा बंदरावर मोडीत लिहिणारे कारकून होते, त्यांच्याही वडिलांचा तोच पेशा. हे सांगता आलं असतं. सर म्हणाले, "आवड म्हणून." जागा दुसऱ्याला मिळाली. "बोललो असतो तर वाद झाला असता," ते मला म्हणाले. "मग प्रसंग पाहोन इकडे आलो."

शाळेतही ते तसेच. मुख्याध्यापकांशी कधी वाद नाही, पालकांशी नाही. धड्यात अवघड जागा आली की मुलांना सांगायचे, हे दोन वेळा वाचा आणि घरी विचार करा. पुढे काही बोलायचे नाहीत. मुलं कशाला विचार करतायत! पण सरांचा त्यावर खरोखर विश्वास होता. सांगायचं ते पुरेसं नीट लपवून सांगितलं की योग्य माणसाला बरोबर सापडतं, असं त्यांना वाटायचं.

साठी झाली आणि शाळेने निरोप दिला. शाल, घड्याळ, भाषणं. तेव्हा त्यांची मुलगी अदीबा मुंबईत फिजिओथेरपी शिकत होती, अजून बरंच शिक्षण बाकी होतं. बायको अमीरुन्निसा कधीच दाभोळला परत गेली होती. सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यांचं करायला. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की सामान बांधायचं, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सरांनी निम्मी पुस्तकं खोक्यात भरलीसुद्धा.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळात त्यांचं इंग्रजीतून भाषण झालं, कोकण आणि ओमानमधल्या गलबतांच्या जुन्या वाटांवर. ऐकायला मंडळाच्या कुणीतरी आपल्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, आणलं होतं. सैफ त्याचं नाव. ओमानच्या सूर बंदरातलं जुनं घराणं. आजोबांची स्वतःची जहाजं होती, ती मुंबई, रत्नागिरी, मलबार आणि तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायची. आता मस्कतला मोठी कंपनी. माणूस पन्नाशीचा, फार सभ्य. भाषण संपल्यावर तो सरांना म्हणाला, "उस्ताद, सूरमधलं आमचं जुनं घर मी दुरुस्त करतोय. लोक येऊन बघतील. त्या घराचं पुस्तक हवंय, अरबीत आणि इंग्रजीत. तुम्ही लिहाल?"

व्हिसा त्याच्या कंपनीचा, पगार शाळेपेक्षा चांगला. सरांनी खोकी परत उघडली.

"पुस्तकात काय यावं म्हणाला?" मी गाडीत विचारलं. सैफची कचेरी माझ्या शाळेच्याच वाटेवर होती, त्यामुळे आमचं येणंजाणं पहिल्यासारखंच चालू राहिलं होतं.

"सगळं लिहा म्हणाला. फक्त एवढं लक्षात ठेवा, म्हणाला, की ते घर आहे, त्यात माणसं राहतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बखर, शिवांगीबाई." त्यांचा चेहरा खुलला होता. "आयुष्यभर ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्याच जागी आता मी. बघू या जमतं का."

मग ते दर आठवड्याला सूरला जायला लागले. म्हातारे नाखुदे, म्हणजे जहाजांचे कप्तान, त्यांना भेटायचे. घराच्या दारांवरचं कोरीवकाम कुठल्या बंदरातून आलं, छताचं लाकूड कुठलं, असलं सगळं मला सांगायचे. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एका गुरुवारी म्हणाले, "शनिवारी माझ्याबरोबर सूरला याल का? एका बाईंकडे जायचंय. एकट्या पुरुषाने त्यांच्या घरी जाणं बरं दिसणार नाही."

झुवैना त्यांचं नाव. मुलींच्या शाळेत स्वयंपाकाला होत्या, आता निवृत्त. सर जुन्या घरात दाराचे फोटो काढत असताना त्या आत आल्या आणि म्हणाल्या, या घराचं काही सांगायचं आहे, माझ्याकडे या. बस, एवढंच.

खाडीवरच्या पुलापलीकडे त्यांचं घर होतं. ठेंगणं, पांढरं, दारात चपला. बाई साठीच्या पुढच्या, रंगाने काळ्याभोर, अंगावर सूरच्या बायका घेतात तशी झगझगीत ओढणी. आम्हाला गालिच्यावर बसवलं, खजूर आणि कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, पुढे ठेवला. माझं अरबी बाजारापुरतं, पण त्या सावकाश बोलत होत्या आणि अडलं की सर मला मराठीत सांगायचे.

"तुम्ही त्या घराचं लिहिताय ना?" झुवैनाबाई म्हणाल्या. "मग माझ्या आजीचं नाव लिहा. मबरूका."

सरांनी पेन काढलं.

आजीला लहान असताना त्या घराच्या जहाजातून आणलं होतं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. किती लहान ते तिलाही सांगता येत नसे. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. मूळचं स्वतःचं नावही नाही, मबरूका हे नाव इथे ठेवलेलं. आठवत होती ती फक्त आई. ती उखळात काहीतरी कांडत होती, आणि तिची पाठ इकडे होती. तेवढ्यात कुणीतरी हिला उचललं. आईने वळून पाहिलं की नाही तेही ठाऊक नाही.

"चेहरा आठवत नाही, म्हणायची. पाठ आठवते," झुवैनाबाई म्हणाल्या. "मी लहानपणी तिच्याजवळ झोपायची. मला रोज सांगायची."

त्या घरातली सगळी मुलं मबरूकाने वाढवली. सैफच्या वडिलांना तिने अंगावर पाजलं. तिला स्वतःला दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. दोन्ही मुलगे थोडे मोठे झाल्यावर दुसऱ्या घरांना गेले.

"विकले?" मी मराठीत सरांना विचारलं. सरांनी तो शब्द अरबीत विचारला नाही, पण बाईंना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"विकले असं कुणी म्हणत नसे," त्या म्हणाल्या. "दिले म्हणत. एक कुठल्यातरी बंदराला गेला, दुसरा वाळवंटात. परत दिसले नाहीत. मुलगी राहिली, ती माझी आई."

सत्तर सालानंतर ते सगळं कायद्याने संपलं. मबरूकाला घर मिळालं, तेच हे घर. नावापुढे त्याच घराण्याचं नाव लागलं. लोक चांगले वागतात, ईदला बोलावतात, आजारपणात विचारतात. फक्त सोयरीक करत नाहीत.

"मी रागावलेली नाही," झुवैनाबाई म्हणाल्या. "पैसेही नकोत. फक्त लिहा की मबरूका नावाची बाई होती आणि ती आली नव्हती, तिला आणलं होतं. आणि तिची आई पाठमोरी होती ते लिहा. दुसरं काही नको."

"लिहीन," सर म्हणाले. "इन्शाल्ला."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "इन्शाल्ला म्हणजे लिहिणार ना?"

"लिहिणार," सर म्हणाले.

परतीच्या वाटेवर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे डोंगर.  वाटेत कुरियात गावी पंपावर चहा घ्यायला थांबलो, तेव्हा कागदी कप हातात धरून सर म्हणाले, "हे मात्र लिहावंच लागेल."

आणि त्यांनी लिहिलं. चार पानं. एका सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर गाडी उभी करून त्यांनी ती मला वाचून दाखवली, अरबी वाचत मराठीत सांगत. मी त्यांच्या लिखाणातलं पुष्कळ ऐकलं आहे, पण ते फार सजवलेलं असायचं. हे तसं नव्हतं. एक मूल होतं, त्याला उचललं, जहाजात घातलं. या खोलीत ती झोपायची, या दारातून तिचा मुलगा गेला. शेवटी तिचं नाव. माझी शाळेतली प्रार्थना चुकली. मी म्हटलं, "सर, तुमच्या आयुष्यात तुम्ही लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं आहे."

"तसं मलाही वाटतं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं की सैफला दाखवलं का. सर आरशात बघत लेन बदलत होते. म्हणाले, "ती पानं काढली."

"काढली म्हणजे?"

"पुसली. ऐका तर आधी." त्यांनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली. "असं थेट लिहिलं तर पुस्तक निघणारच नाही. मग त्या बाईचं नाव कुठेच येणार नाही. म्हणून मी एक वाक्य केलंय. एकच, पण त्यात सगळं आहे." अरबी वाक्य म्हणून दाखवून त्यांनी मराठी केलं. या घराच्या लेकरांना ज्या पुण्यवान हातांनी वाढवलं, ते हात दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर आले होते. परतीचा वारा त्यांच्यासाठी कधी सुटला नाही.

"आता गंमत बघा," सर म्हणाले. "पुण्यवान हात, यातल्या पुण्यवानला अरबीत शब्द आहे मबरूका. हातांचं विशेषण. म्हणजे नाव आलं की नाही? दक्षिणेचा वारा म्हणजे आफ्रिका. परतीचा वारा सुटला नाही म्हणजे आपखुशीने राहिली नाही. सगळं आलं."

"आणि तिची आई?"

"ती नाही बसली."

मला राग आला. माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांना मी रोज सांगते की उत्तर आलं तरी पायऱ्या दाखवा, नाहीतर मार्क नाहीत. मी म्हटलं, "सर, हे कुणाला कळणार?"

"ज्याला कळायचं त्याला."

"ही भीती आहे, विवेक नाही."

ते जरा हसले. "माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेच विचारलं होतं. बखरकाराचा हा विवेक की नुसती भीती, फरक कसा ओळखायचा? मी म्हटलं, वाचणाऱ्याला कळावं म्हणून झाकलं असेल तर विवेक. कळू नये म्हणून झाकलं असेल तर भीती. ते खूश झाले." मग म्हणाले, "आणि शिवांगीबाई, अदीबाचं अजून शिक्षण चाललंय."

त्यावर मी काय बोलणार? माझाही मुलगा शिकत होता, माझाही व्हिसा कुणाच्या तरी सहीवर होता. 

पुस्तकाचा मजकूर पुरा झाला तेव्हा सैफने सरांना मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या आपल्या घरी बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सैफने सगळं हस्तलिखित वाचलं होतं. कावा झाला, हलवा झाला. मग त्याने पानं चाळून नेमकं ते पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"उस्ताद, मबरूका," तो म्हणाला. "माझ्या वडिलांना तिने दूध पाजलंय. मी लहान असताना ती मला खांद्यावर घेऊन समुद्रावर न्यायची."

 सरांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर सैफने त्यांचा हात धरला.

"नाही, नाही. राहू द्या. किती सुंदर लिहिलंय! मला कळलं, आणखी कुणाला कळणार नाही. गावात त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत. झुवैनाचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, त्याच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. त्यांना तरी हे छापलेलं हवंय का, विचारा. तुम्ही सगळ्यांची अब्रू राखली. यालाच हिकमत म्हणतात, शहाणपण."

हे सांगताना सर गाडी अगदी हळू चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते.

"रागावला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

पुस्तक निघालं. जाड गुळगुळीत कागद, जहाजांचे फोटो, दारांचे फोटो. सूरच्या घराच्या अंगणात समारंभ झाला, मीही गेले होते. बायकांच्या बाजूला झुवैनाबाई बसल्या होत्या, नवे कपडे घालून. सगळ्यांना मिळाली तशी त्यांनाही पिशवीत घालून प्रत मिळाली. जाताना त्यांनी माझा हात दाबला आणि सरांच्या दिशेने मान हलवली. त्यांना वाटत होतं की झालं.

काही आठवड्यांनी त्यांचा सरांना फोन आला, एकदा या म्हणून. सरांनी मला पुन्हा बरोबर घेतलं. रस्ताभर ते म्हणत होते की आज त्यांना ते वाक्य उलगडून सांगतो, त्यांना बरं वाटेल.

झुवैनाबाई प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. बोट ओळीखाली धरून ओठ हलवत वाचायच्या. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. मग फोटोंखालची नावं वाचली होती. मग पुन्हा पहिल्यापासून. पुस्तक त्यांनी एका स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलं होतं. ते सोडून आमच्यासमोर ठेवलं.

"मला सापडत नाही," त्या म्हणाल्या. "मी नीट शिकलेली नाही. तुम्ही दाखवा."

सरांनी पान काढलं. त्या शब्दावर बोट ठेवलं. बाईंनी ओळ वाचली, तोंडाने, सावकाश. पुन्हा वाचली.

"हे हात आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, पण शब्द बघा ना, मबरूका. त्यात त्यांचं नाव आहे. आणि हा दक्षिणेचा वारा, म्हणजे..." सर समजावत गेले. वर्गात अवघड भाग समजावताना त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा झाला होता. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. 

"माझ्या आजीला चेहराही होता," त्या म्हणाल्या. "मी बघितलाय तो."



"सैफला हे समजलं?" बाईंनी विचारलं.

सरांना खोटं बोलता आलं असतं. "समजलं," ते म्हणाले.

"काय म्हणाला?"

"चांगलं लिहिलंय म्हणाला."

झुवैनाबाईंनी मान हलवली. जणू दुकानदाराने हवी ती वस्तू संपली म्हणून सांगितलं आहे. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्यांनी पुस्तक परत फडक्यात बांधलं आणि सरांच्या पुढ्यात सरकवलं. "हे तुम्ही न्या. इथे कुणी वाचत नाही." मग आत जाऊन त्यांनी कावा आणला, खजूर आणले, आम्ही नको म्हणत असताना ताटात हलवा वाढला. माझ्या मुलाचं कसं चाललंय, विचारलं. निघताना दारापर्यंत पोचवायला आल्या. इतकं जड ताट मी आयुष्यात संपवलेलं नाही.

गाडीत बसल्यावर मी सरांना म्हटलं, "ती चार पानं परत लिहा. पुस्तकात नाही तर नाही. मराठीत लिहा. इथे कोण वाचतंय मराठी? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग लिहायचं कुणासाठी?" सर म्हणाले. "त्यांच्या नातवंडांना मराठी येतं? माझ्या अदीबाला धड येत नाही."

"आठवतात का ती पानं?"

"शब्दन् शब्द."

पण त्यांनी ती लिहिली नाहीत. मी वर्षभर अधूनमधून विचारत राहिले आणि मग सोडून दिलं. सूरला आम्ही पुन्हा गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात झुवैनाबाई वारल्या. सरांना ते सैफच्या ड्रायव्हरकडून कळलं, महिना उलटून गेल्यावर. त्यांनी बाईंच्या मुलाला फोन केला. मुलगा नीट बोलला, दुखवटा स्वीकारला आणि शेवटी म्हणाला, "उस्ताद, आई तुम्हाला काही जुनं सांगत होती म्हणे. तिचं वय झालं होतं. ते विसरून जा."

सरांनी "बरं" म्हटलं.

सैफने सरांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्याने आपल्या ओळखीच्या एका घराण्याला त्यांचं नाव सुचवलं. काय लिहायचं ते कळणारा माणूस आहे, असं सांगितलं असणार. त्या घराण्याचं पुस्तक झालं. मग तिसरं घर. आता सरांना कुणी काही सांगावं लागत नव्हतं. कुठल्या खोलीबद्दल विचारायचं नाही, कुठल्या फोटोतल्या कडेच्या माणसांची नावं मागायची नाहीत, ते त्यांना आपोआप कळायचं. झाकून लिहिण्याची खटपटही त्यांनी सोडून दिली, कारण झाकायला काही उरेल इतकं ते विचारतच नव्हते. गाडीत ते बोलायचे, पण लाकूड, छत, वारे, बंदरं एवढंच. बखरींचं नाव निघालं नाही.

सैफच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा अरबी तपासणाऱ्या कुणीतरी त्या वाक्यातला 'मबरूका' शब्द बदलून 'प्रेमळ' केला. सरांना तपासायला पानं आली होती. त्यांनी पाहिलं आणि सही करून पाठवलं. मला सांगितलं ते सहज, सिग्नलला थांबलो असताना.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"भाषेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे," ते म्हणाले.

अदीबा शिकून बाहेर पडली, तिला मुंबईत नोकरी लागली, लग्नही झालं. सरांची आई गेली. आता थांबायचं काही कारण नव्हतं. अमीरुन्निसाभाभी रोज फोन करायच्या. गाडीत फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"कवा येताव?"

"ह्या किताब खलास झाला की."

"मागच्या टायमालाबी हेच बोललाव. आता कोनासाठी रवलाव तिकडं?"

सर म्हणायचे की आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवायचे. एकदा मीच विचारलं, "सर, खरंच का नाही जात?"

 ते म्हणाले, "तिकडे गेलो तर कुणाचा व्हिसा नाही, कुणाचा पगार नाही. दिवसभर टेबल रिकामं. मग न लिहिण्याला काय कारण सांगू?"

या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी संपली. त्याच्या जागी ओमानी मुलगा आला. आम्ही साताऱ्याला परत जायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी सरांना भेटायला गेले. अल खौदच्या दुकानांच्या रांगेतल्या एका चहाच्या हॉटेलात ते बसले होते, कारण खोलीचा एसी बिघडला होता. फार वाळले होते. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांजवळ धरून चौथ्या घराच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. मला बसवलं, चहा सांगितला, निघायची तयारी विचारली. मग दोन पानं पुढे केली.

"जरा बघता का? डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. कुठे काही चुकलंय का सांगा."

इंग्रजी मजकूर होता. एका अंगणाचं वर्णन, विहीर, खजुराची झाडं, सकाळी स्वयंपाकघरातून येणारा भाकरीचा वास. भाकरी कोण भाजत होतं ते नव्हतं. मी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली आणि म्हटलं, काही चुकलेलं नाही.

"बरं झालं," सर म्हणाले आणि पुढचं पान उचललं.